माशांच्या कठड्याचं घर

सुनयना निकमचा नेरूळला छोटासा फोटो स्टुडिओ आहे. वडील साताऱ्याहून मार्केटात माथाडी म्हणून आले, ती इथंच वाढली. स्टुडिओ बंद असला की कॅमेरा गळ्यात अडकवून जुन्या इमारती बघत फिरायची. वारसा यादीतल्या कितीतरी वास्तू तिनं टिपल्या होत्या, पण सगळ्या खाडीपलीकडच्या. नवी मुंबईत जुनं काय असणार!

नवी मुंबईतल्याच बोनकोडे गावातलं घर तिला असंच फिरता फिरता दिसलं. चारी बाजूंना उंच इमारती आणि मधोमध दुमजली, दगडी, कौलारू घर. वर लाकडी सज्जा, त्याच्या कठड्यावर कोरलेले मासे. सुनयना फोटो काढायला लागली, तशा घरमालकीण मालतीबाई दारात आल्या.

"फोटू काराला सगली येतान गो. ऱ्हवाला कोन येतंय?"

मालतीबाईंचा राग खरा होता. घर वारसा यादीत गेल्यामुळे पाडता येत नव्हतं. शेजाऱ्यांनी मजले चढवले, भाडेकरू ठेवले. मुलगा दिपेश कंटाळून करंजाड्याला फ्लॅटमध्ये गेला. मालतीबाई खालच्या दोन खोल्यांत एकट्या राहत, वरचा मजला बंद.

सुनयना म्हणाली, "काकी, मी येते. वरची खोली भाड्यानं द्या."

मालतीबाईंना ती थट्टा वाटली. पण महिनाअखेरीस ती खरोखरच सामान घेऊन आली.

पहिल्याच पावसाळ्यात तिला कळलं, फोटोत सुंदर दिसणारं घर अंगावर कसं येतं ते. कौलांतून पाणी गळायचं, भिंतींना ओल धरायची. अरुंद जिन्यातून फ्रिज वर जाईना, म्हणून तो मालतीबाईंच्या स्वयंपाकघरात राहिला. त्या निमित्तानं रोज दोघींचं बोलणं व्हायला लागलं. कॅमेरा मात्र कपाटात पडून होता.

श्रावणात सज्ज्याचा एक कोपरा खाली कोसळला. सुदैवानं तिथं कुणी नव्हतं. दिपेश धावत आला. "आई, बस्स झालं. आता माझ्याकडे चल. आणि ताई, तुमी पण दुसरीकडे बघा."

सुनयनानं त्या दिवशी कॅमेरा काढला. कुजलेली तुळई, फुटकी कौलं, ओली भिंत, खाली पडलेले लाकडी मासे, सगळं टिपलं. "दुरुस्तीला बंदी नाही," ती दिपेशला म्हणाली. "परवानगी लागते. मागून तरी बघू."

आजवर कुणी मागितलीच नव्हती. फोटो जोडून दिपेशनं अर्ज केला. अधिकारी दोनदा पाहणीला आले. वेळ लागला, हेलपाटे झाले, पण परवानगी आली, थोडी मदतही मंजूर झाली. उरलेलं दिपेशनं घातलं. शहाजी सुतारानं नवं सागवान जुन्याला असं जोडलं की सांधा शोधावा लागतो. दोन मासे मात्र नव्यानं कोरावे लागले. ते जरा लठ्ठ झाले आहेत.

पुढच्या वर्षी दिवाळीत दिपेश बायको-मुलांना घेऊन राहायला आला. वरची दुसरी खोली झाडून काढली. पहाटे मालतीबाई जिन्याचा कठडा धरत वर आल्या, कितीतरी वर्षांनी. सज्ज्यात खुर्ची टाकून बसल्या. समोरच्या इमारतीतून कुणीतरी हात केला, त्यांनीही केला.

"सुनयना," त्यांनी आत वळून हाक मारली, "च्या हतं वरच आन. आनि त्या मागल्या भिंतीचा पन कायतरी बघाला पायजे गो."