नाही म्हणायची सोय

बंगळूर शहरात अनोळखी माणूस ही जात आता जवळजवळ संपत आली आहे आणि याचं सगळं श्रेय आमच्या घरमालकीणबाईंना जातं. राजाजीनगरमधल्या त्यांच्या घरात तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो आणि वर त्या. मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी तरुणपणी इकडे आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. येशूबद्दल चार शब्द ऐकल्याशिवाय त्यांच्या फाटकावरून पुढे गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. बरं, बाई उपदेश करत नाहीत. उपदेश असता तर लोकांना पळता तरी आलं असतं. त्या गुडघ्यांपासून सुरुवात करतात. भाजीवालीचे गुडघे, पोस्टमनचे गुडघे, मग घरच्यांची चौकशी, आणि समोरचा मन मोकळं करून बसला की हळूच विचारतात, मी तुझ्यासाठी प्रार्थना करू का? कोणी नको म्हटलंच तर कानडीत 'सरी, सरी', म्हणजे बरं, बरं, असं म्हणून त्याच उत्साहाने त्याला ताक देतात. एकदा गॅसवाल्यासाठी त्यांनी डोळे मिटले ते इतका वेळ, की उघडले तेव्हा गॅसवाला पुढच्या गल्लीत पोचला होता आणि समोर इस्त्रीवाला उभा होता. अक्कांनी नुसतं त्याचं नाव विचारून घेतलं आणि प्रार्थना पुढे चालू ठेवली. कर्ज हवंय का म्हणून फोन करणाऱ्या मुलींना आपण दोन शब्दांत कटवतो. अक्का त्यांना आधी जेवलीस का म्हणून विचारतात. त्यातली एक मुलगी पुढे नोकरी सोडून गेली, तरी दर रविवारी फोन करते आणि कर्जाचं नावही काढत नाही.

इतकी वर्षं राहूनही अक्कांचं कानडी मात्र अगदी स्वल्प; गल्लीत सगळं हिंदीवर भागायचं. त्यात एकदा त्यांना हेब्बाळला बहिणीकडे जायचं होतं आणि दुभाष्या म्हणून मला रिक्षात बसवलं होतं. रिक्षा निघाली न निघाली तोच त्या पुढे वाकल्या आणि मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "अण्णा, येशू गोत्ता?" येशू माहीत आहे का, असं त्यांना विचारायचं होतं. पण कानडीत 'येष्टु' म्हणजे किती. किती होतील माहीत आहे का, असंच रिक्षावाल्याच्या कानावर पडलं. तो म्हणाला, "मुन्नूरु, अम्मा." तीनशे. अक्कांना आकडा कळला नाही, हा पैशांचं काहीतरी म्हणतोय एवढंच कळलं, पण माणूस बोलता झाला याचाच आनंद झाला. त्या म्हणाल्या, "येशू फ्री!" त्याने आरशातून एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आम्हाला पहिल्याच सिग्नलला उतरवलं. मी सुचवलं की अक्का, इथले लोक येसु म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणत जा. त्या म्हणाल्या, आईच्या तोंडून जे नाव ऐकलं तेच मी घेणार, रिक्षा काय दुसरी मिळेल. दुसरी मिळाली, आणि तिच्यातही तेच झालं.

एवढं सगळं असून त्यांनी मला आणि माझ्या बायकोला एका अक्षराने कधी काही सांगितलं नाही. नाताळला करंज्यांचा डबा खाली यायचा. गणपतीत मोदकांच्या वेळी त्या स्वतः स्वयंपाकघरात येऊन बसायच्या, आणि देवापुढचा प्रसाद त्यांना चालत नाही नि नैवेद्याआधी कोणी तोंडात टाकलेलं बायकोला चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या उकडीचा वेगळा घाणा निघायचा. पण येशूचा विषय नाही. इस्त्रीवाल्याच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांसाठी प्रार्थना झाली आणि आम्ही तेवढे कोरडे, याचं मला चक्क वाईट वाटायला लागलं. शेवटी एकदा मी विचारलंच. त्या मोदकाची पारी चिमटत म्हणाल्या, "अरे, तू माझा भाडेकरू. तुला मला नाही म्हणता यायचं नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याला विचारू नये."

यंदा अक्कांच्या मुलाने ते घर विकायचं ठरवलं. तो मारतहळ्ळीला राहतो, चौदाव्या मजल्यावर. आईचे जिने आता बंद झाले पाहिजेत, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. आई, तिथे लिफ्टमध्ये कुणाला अडवून बोलू नकोस, तक्रारी होतात, असंही त्याने बजावलं होतं. आधी एकदा त्या तिकडे आठवडाभर राहून आल्या तेव्हा सांगत होत्या की तिथे भाजीसुद्धा दारात ठेवून जातात, ठेवणारा दिसत नाही. आयुष्यभर ज्यांनी रस्त्यावरच्या माणसाशी बोलायचं एवढंच काम केलं, त्यांना आता माणूसच दिसणार नव्हता.

आम्हीही जवळच दुसरं घर घेतलं. सामान हलवायच्या दिवशी सकाळी अक्का खाली आल्या, किल्ल्या परत घेतल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"आता तू माझा भाडेकरू नाहीस," त्या म्हणाल्या. "प्रार्थना करू का? नको म्हणालास तरी चालेल."

मी मान हलवली. बायकोने पदर सारखा केला. अक्कांनी आमची दोघांची नावं घेतली, मुलीच्या परीक्षेचं सांगितलं, नव्या घरातल्या नळाला पाणी येऊ दे म्हणून सांगितलं. मला वाटलं, संपलं.

"आणि बापा," त्या हळूच म्हणाल्या, "तिकडे वर माझ्याशी बोलायला कोणीतरी पाठव."

आमेन कधी म्हणायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. पण अक्कांच्या आधी मीच म्हणालो.