आलापल्लीची धाव आणि मामाजींचा कोट

थंडीत धावायचं तर अंगावर काय घालावं, असं नातू विचारतो तेव्हा मी त्याला आलापल्लीचा रस्ता सांगायला लागतो. तो म्हणतो, कपडे विचारले, रस्ता नाही. पण माझ्या डोक्यात ते दोन्ही एकत्रच बसलेलं आहे, त्याला इलाज नाही.

सन पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. आलापल्लीला जंगलखात्यात गार्डची भरती निघाली. माझं साक्षगंध झालं होतं आणि होणारे सासरे, म्हणजे मामाजी, स्वच्छ बोलले होते, "गार्ड झाले का लग्न. नाई झाले त दुसरा पोरगा पाहू." रागाने नाही, बैल बघायला गेलेला माणूस बोलतो तसे. मला मात्र सुमन मनापासून आवडली होती. तिच्यासाठी दुसरा पोरगा पाहणं मला अजिबात मंजूर नव्हतं. मामाजी देखरेखीला स्वतः बरोबर निघाले.

मूल गावाहून सावलीकडे मोटार होती. ती ड्रायव्हरचं जेवण झालं की सुटे. वैनगंगेवर पूल नव्हता, त्यामुळे नावेतून सायकली, शेळ्या आणि आम्ही एकत्रच पार झालो. गडचिरोलीच्या खानावळीत भात, वरण आणि जवसाची चटणी किरकोळ पैशात पोटभर मिळाली. पुढे सागवान आणायला रिकामा जाणारा ट्रक धरायचा. ड्रायव्हरशेजारी बसलात तर जास्त पैसे, मागे बसलात तर धूळ. आम्ही मागे बसलो. आता एसटीने आरामात जाता येतं, तरी स्वेटर पिशवीत वरच ठेवा. आष्टी सोडून जंगल लागलं की हवा एकदम बदलते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामाजींनी मला सजवायला घेतलं. दोन बनियन, फ्लॅनेलचा सदरा, स्वेटर, सुमनने विणलेला गळ्याचा गुलबंद, कानटोपी आणि सगळ्यावर साक्षगंधात त्यांनीच मला चढवलेला काळा लोकरी कोट. आमच्या घराण्यात सासऱ्याने चढवलेला कोट त्याच्यादेखत उतरवणं म्हणजे सोयरीक मोडणं.

"मामाजी, धावायचं आहे," मी म्हटलं.

"मंग धावा ना. कोण नाई म्हणते? पण छातीत थंडी बसली त गार्डकी कोण करन?"

सागवानाच्या डेपोच्या मैदानावर बाकीची पोरं घोंगड्या पांघरून उभी होती. शिट्टीच्या जरा आधी त्यांनी घोंगड्या सोबतच्या माणसांकडे दिल्या. आत फक्त हाफपँट आणि बनियन. रेंजरसाहेबांनी मला खालीवर पाहिलं.

"धावायला आलास की वरातीला?"

"दोन्ही, साहेब," मी म्हणालो. ते खरंच होतं.

जंगलातल्या नाक्यापर्यंत जायचं, हातावर शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. पहिले दहा घेणार. पहिल्या वळणापर्यंत मी मामाजींच्या नजरेत होतो, म्हणून सगळं अंगावर ठेवलं. तोवर घामाने बनियन पाठीला चिकटलं होतं आणि मी शेवटून दुसरा होतो. शेवटचा पायातला काटा काढत बसला होता.

वळण घेतलं आणि कोट सागाच्या फांदीला टांगला. पुढे कानटोपी, मग स्वेटर, मग बांबूच्या बेटावर सदरा. गुलबंद काही सोडवेना, तो कमरेला बांधला. परतताना सगळं चढवून वळणावर हजर व्हायचं, असा बेत. उघड्या दंडांना वारा लागला आणि पाय हलके झाले. नाक्यावर शिक्का घेतला तेव्हा कित्येक जण मागे पडले होते.

परत येताना बांबूच्या बेटावर सदरा नव्हता. स्वेटर नाही, टोपी नाही. सागाची फांदी मोकळी. थांबून शोधावं तर नोकरी जाते, तसंच जावं तर सोयरीक मोडते. मी अगदी रडकुंडीला आलो. शेवटी नोकरी धरली आणि धावत राहिलो.

थोडं पुढे गेलो तर रस्त्यात माझा कोट धावत होता. वर माझी कानटोपी होती. गाठून पाहतो तर आत मामाजी, घामाघूम.

"तुम्ही मागं पडले म्हून कोट काढा सांगाले येऊन राह्यलो होतो," ते धापा टाकत म्हणाले. "पाह्यतो त कोट झाडाले."

"मामाजी, मी तो..."

"माह्यादेखत काढला का? नाई ना? मंग थांबले काऊन? धावा."

मी नववा आलो. काही वेळाने मामाजी पोचले, तर कारकुनाने त्यांचंही नाव विचारलं. ते सरळ माझ्याकडे आले. मला भिंतीच्या आडोशाला नेलं, ओलं बनियन काढायला लावलं आणि एकेक कपडा आपल्या अंगावरून उतरवून माझ्या अंगावर चढवला. कोट त्यांच्या अंगाने गरम झाला होता. ते स्वतःच्या नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत उभे होते. तो माणूस मला त्या दिवशी फार आवडला.

माघात लग्न झालं. नोकरीभर जंगलात पायपीट केली आणि त्या सकाळी शिकलो ते पुरून उरलं. घरून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, आणि थांबलात की लगेच कोरडं चढवा. बाकी नातवाला दुकानदार सांगतो.

पहाटे तो मैदानावर निघाला की म्हणतो, "आजोबा, घरीच थांबा, थंडी आहे." मी त्याचा स्वेटर माझ्या अंगात घालून कडेला उभा राहतो. त्याच्या फेऱ्या होईपर्यंत स्वेटर चांगला गरम होतो.