जोडून सुट्टी

नव्या वर्षाचं कॅलेंडर कचेरीत आलं की बाकीचे त्यावरचं देवीचं चित्र बघायचे. अक्का ते खिळ्यावर चढायच्या आत हातात घ्यायच्या, भराभर पानं उलटायच्या आणि लाल आकड्यांवर बोट टेकवत म्हणायच्या, "जोडून काय येतंय, बघू."

असं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. रविवारच्या आगेमागे सण आला की मधल्या दिवशी किरकोळ रजा टाकणारं. आमच्या धुळ्याच्या कचेरीत अक्कांचं नाव पंचांगबाई पडलं होतं. एखादा सण नेमका रविवारीच पडलेला दिसला की त्या दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत, आणि पुरुषमंडळी हसायची.

मी तिथे टायपिस्ट होते. साठीचं दशक संपत आलं होतं. माझं माहेर फैजपूर, अक्कांचं सासर त्याच रस्त्यावर, यावलला. जळगावला गाडी बदलायची आणि यावलपर्यंत सोबत जायचं, असं आमचं ठरून गेलं होतं. त्या प्रवासात मला सगळं कळलं. नवरा वारल्यावर त्याच्या जागी अक्कांना घेतलं, तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. सासरे म्हणाले, नोकरी कर, पण पोरगी आमच्या घरात वाढेल. धुळ्यात अक्कांची एक खोली, दिवसभर कचेरी, मुलीला बघायला कुणी नाही. त्या हो म्हणाल्या.

"नुसत्या रविवारनं भागत नाही गं," त्या मला म्हणाल्या. "पहिल्या दिवशी ती आजीच्या पदराआडून बघते. दुसऱ्या दिवशी जवळ येते. मला आई म्हणते ती तिसऱ्या दिवशी. म्हणून जोडून लागते."

त्या वर्षी रमजान ईद थंडीत आली होती. सोमवारी सुट्टी धरलेली, त्याआधी रविवार, आणि अक्कांच्या खात्यात वर्षातली शेवटची किरकोळ रजा उरली होती. ती त्यांनी शनिवारी टाकली. मीही माहेरी निघाले. यावलच्या स्टँडवर उतरताना त्या एखाद्या नव्या नवरीसारख्या पदर सावरत होत्या.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. या वेळी मुलगी लवकर जवळ आली. रविवारी तिनं डोक्याला तेल लावून घेतलं, मांडीवर बसून जेवली आणि आपणहून म्हणाली, "आई, उद्या मळ्यात भरीत करू. तू वांगी भाज, मी काड्या आणते." आजवर तिनं आईकडे काही मागितलंच नव्हतं. अक्का म्हणाल्या, "करू."

संध्याकाळी शेजारचे बागवान चाचा दारात आले. "बेटी, चांद नही दिख्या. ईद परवा." रेडिओनंही तेच सांगितलं. म्हणजे सोमवारी कचेरी चालू. मागे एकदा गाडी चुकून अक्का दिवसभर गैरहजर राहिल्या होत्या, तेव्हा साहेबांनी लेखी ताकीद दिली होती. नोकरी अजून कायम झाली नव्हती.

सोमवारी पहाटे फैजपूरहून निघालेल्या गाडीत मी होते. यावलला अक्का चढल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. बाहेर केळीच्या बागांवर धुकं होतं.

"उठवलं नाही तिला," त्या म्हणाल्या. "उठली असती तर मला निघताच आलं नसतं." थोड्या वेळानं त्यांनी तळहात नाकाशी नेला. हाताला अजून तेलाचा वास होता.

आम्ही धावतपळत कचेरीत पोचलो. साहेब सकाळीच दौऱ्यावर गेले होते. त्या दिवशी कुणी आलं की नाही, हे कुणी विचारलं नाही. मंगळवारी ईदची सुट्टी होती. अक्का दिवसभर खोलीत पडून होत्या. मी डबा घेऊन गेले, तो त्यांनी उघडला नाही.

संक्रांतीला त्या पुन्हा गेल्या. त्यांना बघून मुलगी माडीवर जाऊन बसली. सासूबाई सांगू लागल्या, "त्या दिवशी पोरगी वांगी घेऊन दारात बसली व्हती. दुपारपर्यंत उठली नही, जेवली बी नही." पुढे मुलगी समोर यायची, पण येताच विचारायची, "कधी जाणार?" अक्का दिवस सांगायच्या. मुलगी मान हलवून खेळायला जायची.

हळूहळू अक्कांचं जाणं कमी झालं. "माझ्यामुळे तिला नुसता त्रास," असं म्हणायच्या. सणासुदीला कचेरीत एकानं थांबायचं असे, ती पाळी त्या मागून घेऊ लागल्या. "तुम्ही जा घरी. मी बसते." पंचांगबाई हे नाव सगळे विसरून गेले.

मुलीचं लग्न यावललाच झालं. माझी तेव्हा जळगावला बदली झाली होती, मी लग्नाला गेले. अक्का मांडवात पाहुण्यांच्या रांगेत बसल्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, महिन्याची रजा मंजूर झालीय. हक्काची, साठवलेली. लग्नानंतर लेक चार दिवस माहेरी येईल, तेव्हा आपणही इथंच असू, असा त्यांचा बेत होता.

पाठवणीच्या वेळी मुलगी आजीच्या गळ्यात पडून इतकी रडली की बायकांनी तिला धरून सोडवलं. मग ती एकेकाच्या पाया पडत आली. अक्कांच्या पाया पडली, डोळे पुसले आणि घरात आलेल्या कुणालाही म्हणतात तसं, अगदी मनापासून म्हणाली, "राहा ना आता दोन दिवस. लगेच नका जाऊ."

नका जाऊ. मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाही गं बाळ," त्या म्हणाल्या. "उद्या कचेरी आहे."

मांडव अजून उतरलाही नव्हता, तेव्हा त्या पिशवी घेऊन स्टँडकडे चालू लागल्या. त्यांना थांबा म्हणायला कुणी मागे गेलं नाही.