रोज संध्याकाळचं ऑल राइट

आमचे हे मनमाडला रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन आम्ही नाशिकरोडला आलो, पण यांच्या डोक्यातली गाडी काही थांबली नाही. स्टेशन ओलांडताना गार्ड आणि ड्रायव्हर एकमेकांना हिरवी झेंडी दाखवतात. गाडीची दोन्ही टोकं शाबूत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्याला ऑल राइट देणं म्हणतात. घरातही तेच. मला बाथरूममध्ये जरा जास्त वेळ लागला की बाहेरून विचारणा होणार, ऑल राइट ना? माणसाने अंघोळ तरी कशी करावी!

मुलगी नर्स. इथे नाशकातच द्वारका चौकाजवळ चांगली नोकरी होती, ती सोडून गेली बंदुका चालतात त्या देशात, मदतीच्या दवाखान्यात लेकरांना सलाईन लावायला. मी अबोला धरला. यांनी मात्र एकच अट घातली: संध्याकाळी सातला व्हॉइस मेसेजवर ऑल राइट द्यायचं, इकडूनही ऑल राइट जाईल. तिकडेही म्हणे वायरलेसवर सगळ्यांची अशीच हजेरी घेतात. हे कळल्यावर यांची छाती अशी फुगली, जणू ती पद्धत यांनीच शिकवून पाठवली होती.

पुढे बातम्यांमध्ये तिच्या भागाचं नाव यायला लागलं. मेसेज मात्र वेळेवर. मी बरी आहे, जेवले, ऑल राइट. आणि मागे कोंबडा आरवायचा. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशीही कोंबडा. तिसऱ्या दिवशीही, आणि तोही बरोबर तिचं ऑल राइट संपल्यावर. म्हटलं, कोंबडाही रेल्वेत भरती झाला की काय? मग तिन्ही मेसेज लागोपाठ लावून ऐकले. मेसेज एकच होता. तिने आधी बोलून ठेवलेला, आणि तिचा फोन हातात असलेलं कुणीतरी तो रोज पाठवत होतं. मग ती कुठे होती?

यांना सांगितलं, तर काय, यांनी ते कधीच ओळखलं होतं. मला बोलले नाहीत, आणि तिकडे रोज खणखणीत आवाजात ऑल राइट देत राहिले. मी तापलेच. कुणाला देताय, म्हटलं, त्या कोंबड्याला?

"ती कधी तरी फोन हातात घेईल," हे म्हणाले. "तेव्हा आपलं एकही चुकलेलं दिसायला नको."

दुसऱ्या दिवसापासून मीही यांच्या शेजारी उभी राहून ऑल राइट द्यायला लागले. घाबरले होते, फार घाबरले होते. पण आवाज चढवणं मला जन्मभर जमत आलंय, ते कामी आलं.

मग एका दुपारी, भलत्याच वेळी, मेसेज आला. कोंबडा नाही, 'जेवले' नाही, 'ऑल राइट'ही नाही. बसलेल्या आवाजात एवढंच: "पप्पा, फोन दवाखान्यात ठेवून पुढच्या गावी गेले होते, मग रस्ता बंद झाला. आत्ता परत पोचले. लय दमलेय, झोपते."

हे फोन तोंडाशी धरून उभे राहिले. मग फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. उत्तर मीच दिलं.

"झोप बाई. आम्ही जागे आहोत."