पंपावरचं फडकं

गाडीनं पेट घेतला तेव्हा मागून येणारे दोन मोटारसायकलवाले थांबले आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर खिशातून मोबाईल काढले. शूटिंग! मागच्या सीटवर म्हातारा माणूस, बॉनेटच्या फटीतून काळा धूर, आणि हे दोघं हात लांब करून उभे. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लिहिलं असतं तरी मला त्याचं काही वाटलं नसतं.

मार्चअखेरची दुपार होती. मी आणि माझे वडील देवळाली प्रवऱ्याहून पारनेरला एका साखरपुड्याला निघालो होतो. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, माझं साठ, आणि गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पांढरी अँबॅसिडर. एवढ्या उन्हात ही म्हातारी गाडी कशाला काढता, असं शेजाऱ्यांनी निघताना विचारलंच होतं. लोकांना लई काळजी. मी लग्न केलं नाही, त्याचंही कारण काही जणांनी या गाडीतच शोधून ठेवलंय.

ती का काढतो, ते सांगते. आण्णांनी ही गाडी तेवीस वर्षं चालवली, पण दुसऱ्याची म्हणून. आमच्याकडं एक मोठे बागायतदार होते. ऊस, विहिरी, पुढारपण, सगळं होतं. आण्णा त्यांचे ड्रायव्हर. सकाळी गाडी पुसायची, मालक आले की मागचं दार उघडायचं, बसले की लावायचं. त्या घरी आण्णांचा चहाचा कप खिडकीत वेगळा असायचा आणि प्यायल्यावर तो त्यांनीच विसळून ठेवायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मला त्याचा आजही राग येतो. आण्णांना येत नाही, आणि त्यांना येत नाही याचा मला जास्त राग येतो.

पुढं त्या घरात नव्या गाड्या आल्या आणि ही गोठ्यामागं पडली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. आण्णांनी ती विकत घेतली. फुकट नाही, मागून नाही, विकत. इंजिन उतरवून सगळं नीट करून घेतलं, मला चालवायला शिकवलं, आणि स्वतः मागं बसले. डाव्या बाजूला, जिथं मालक बसायचे तिथं. तेव्हापासून ते या गाडीत पुढं बसलेले नाहीत. दर चौदा एप्रिलला पांढरे कपडे घालून, काच खाली करून ते मागं बसतात आणि मी त्यांना जयंतीच्या मिरवणुकीला राहुरीला नेते. त्या दिवशी ते रस्त्यानं कुणाशी जास्त बोलत नाहीत. नुसते बसतात.

तर त्या दुपारी भाळवणी सोडून पारनेरच्या रस्त्याला लागलो आणि गाडी आचके द्यायला लागली. जुन्या गाड्यांचं हे उन्हाळ्यातलं दुखणं. पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला असतो, तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफेवर काही गाडी चालत नाही. त्यावर आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांचा एकच इलाज. फडकं ओलं करायचं आणि पंपावर टाकायचं. आण्णांनी ते आयुष्यभर केलं. ते मागूनच म्हणाले, "पोरी, फडकं वलं कर. पंपावर टाक. पाच मिंटं थांब."

मी कडुलिंबाखाली गाडी घेतली, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं, टाकलं पंपावर. पाच मिनिटांनी गाडी सुरू झाली. बॉनेट लावलं आणि निघालो. तीनेक किलोमीटर गेलो असू, तर आधी वास आला, मग धूर आला, मग बॉनेटवरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत फुगायला लागला.

मी ब्रेक मारला, मागचं दार उघडलं आणि आण्णांना दंडाला धरून ओढलं. ते काही सरळ लांब जाईनात. त्यांनी पुढच्या खिडकीतून हात घालून आधी किल्ली फिरवून काढली. मी बॉनेटकडं धावले, तशी त्यांनी अशी हाक मारली, की मला वाटलं पन्नास वर्षांचे झालेत.

"उघडू नको! वारं लागलं की भडकंल! पानी बी न्हाई. माती टाक, माती!"

रस्त्याकडेच्या वावरात कांदा काढणीला बायका लागल्या होत्या. त्या घमेली घेऊन पळत आल्या. बांधावरची भुसभुशीत माती भरायची आणि पुढच्या जाळीतून, बॉनेटच्या फटीतून आत लोटायची. मी पस्तीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढली. मातीचा नमुना कसा घ्यावा हे हजारो शेतकऱ्यांना सांगितलं. त्या दिवशी ढेकळं, खडे, काय हाताला येईल ते लोटत होते. त्यातली एक बाई मोटारसायकलवाल्यांवर ओरडली, "आरं भाड्यांनो, ते मोबाईल ठिवा खिशात आन् घमेलं धरा!" मग ते आले. धरलं त्यांनीही घमेलं. एवढं खरं बोललं पाहिजे.

आग विझली. गाडी मात्र बघवत नव्हती. बॉनेट काळं ठिक्कर, वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या, आत घमेलंघमेलं माती. आण्णा बांधावर बसले होते. त्यांना कुठं भाजलं नव्हतं, काही नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "माझ्याच फडक्यानं जाळली."

टेम्पोत घालून गाडी राहुरीला आमच्या मिस्त्रींकडं नेली. हे मिस्त्री तीस वर्षांपासून या गाडीला हात लावतायत. त्यांनी बॉनेट उचकटलं, माती उकरली, खालून पेट्रोलचा रबरी पाइप काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पाइप जोडापाशी उकलला होता. बोटानं दाबला तर भाकरीसारखा तुटायचा.

"ताई," ते म्हणाले, "दिवाळीला सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं. चांगलं दोनदा सांगितलं होतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते या जुन्या रबराला मानवत नाही, पाइप बदलून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हणाले होते, बघू, चालतंय की अजून. आमच्याच उसाचं इथेनॉल आणि आमचीच गाडी खाणार होय, असा वर विनोदही केला होता. फार शहाणी! पाइप गळला, पेट्रोल त्या फडक्यावर ठिबकलं, फडकं सुकून घसरलं आणि तापलेल्या एक्झॉस्टला टेकलं. पाइप धड असता तर फडकं नुसतं करपलं असतं, वास आला असता, संपला विषय. गाडी फडक्यानं जळली नव्हती. माझ्या 'चालतंय की'नं जळली होती.

हे मी घरी जाऊन आण्णांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. जगाला तोंडावर बोलणारी मी, पण बापासमोर जीभ उचलेना. लाज वाटली, दुसरं काय. आणि आण्णा दिवसेंदिवस मिटत चालले. जेवताना अर्धी भाकरी ठेवून उठायचे. उभ्या ड्रायव्हरकीत एक ओरखडा पडू दिला नाही आणि शेवटी आपल्या हातानं गाडी जाळली, हे त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

चौथ्या दिवशी त्या बागायतदारांचा नातू आला. आजोबा आण्णांना 'अरे' म्हणायचे, हा 'काका' म्हणाला. एवढी प्रगती झालेली आहे. त्यानं हायवेला लग्नाचं लॉन काढलंय. गाडी जळाल्याचं त्याला मोबाईलवर कळलं, म्हणजे त्या शूटिंगचं कुठं तरी सोनं झालं होतं. "काका, आता ती काही चालणार नाही," तो म्हणाला. "आमच्या आजोबांची आठवण आहे. लॉनच्या गेटवर उभी करतो. खाली लायटिंग, वर आजोबांचा फोटो. जळालेला भाग फुलांनी झाकून टाकू."

"गाडी आहे ती," मी म्हणाले, "मयत नाही."

पण आण्णा खाली मान घालून म्हणाले, "न्या तुमी. तुमचीच हाय ती. माझ्याकडनं सांभाळली न्हाई." आणि सोमवारी उचलायची असं ठरलंसुद्धा. आण्णांनी त्या घराला आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आणि दिलेला शब्द त्यांनी मोडलेलाही मला आठवत नव्हता.

नातू गेल्यावर माझा संताप संताप झाला. 'तुमचीच हाय'? तेवीस वर्षं राबून, विकत घेऊन, बाप अजून गाडीचा ड्रायव्हरच? मी तोंड उघडलं ते भांडायला, आणि बाहेर भलतंच पडलं.

"आण्णा, तुमच्या फडक्यानं नाही जळली. पाइप सडला होता. मिस्त्रींनी दिवाळीला सांगितलं होतं. मी बदलला नाही."

आण्णांनी मान वर केली. माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता रडतील. कसलं काय!

"दिवाळीला सांगितल्तं?"

"हो."

"आन् तू ह्या उन्हाचं मला त्या गाडीत घालून पारनेरला नेत हुतीस?"

"हो."

"ड्रायव्हरची पोर तू! पेट्रोलचा पाइप सडलेला हाय म्हनून सांगितलं, आन् तू बदलला न्हाई? तुला गाडी शिकवली का रेडा हाकायला शिकवलं मी?" असं जे सुरू झालं ते अर्धा तास. माझ्या नोकरीवर, माझ्या चष्म्यावर, माझ्या चपला घालण्याच्या पद्धतीवरसुद्धा आले. शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. साठाव्या वर्षी मी शिव्या खात होते आणि मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू. त्या संध्याकाळी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून आण्णा मिस्त्रींच्या गॅरेजात खुर्ची टाकून बसले. मिस्त्रींना वाटलं स्टार्टर मारून बघावा, इंजिन फिरतंय का. आण्णांनी हात धरला. कार्बोरेटरात माती आहे, एक फेरा मारला तर आतून इंजिन खरवडून निघेल, आधी सगळं उघडा. उघडलं. धुतलं. मातीचा कण न् कण काढला. लोखंड शाबूत होतं. जुन्या वायरींचा एक तुकडा ठेवू दिला नाही त्यांनी. नवीन पेट्रोलला टिकणारा पाइप आणवला आणि प्रत्येक जोडावर क्लिप मारून घेतली. बॅटरी एका झटक्यात तोडता येईल असा खटका ड्रायव्हरच्या हाताशी बसवायला सांगितला. आग विझवायचा लाल सिलिंडर मी स्वतः आणला, तर तो डिकीत ठेवला म्हणून परत बोलणी खाल्ली. आग लागल्यावर डिकी उघडत बसणार का तू? मग तो पुढच्या सीटखाली बांधला. आणि ओल्या फडक्याचं विचाराल, तर आण्णांनी स्वतःच सांगितलं, पंप आणि एक्झॉस्टच्या मधी पत्रा ठोका, फडकं बंद.

सगळं खरं, पण सोमवार डोक्यावर होता. मी रोज विचारायचे, "आण्णा, त्याला फोन करून नाही म्हणून सांगू?" ते म्हणायचे, "शब्द मी दिलाय, तू मधी बोलू नको." मग गाडी नीट कुणासाठी करताय, त्याच्या गेटसाठी? यावर ते मिस्त्रींना पुढची क्लिप आवळायला सांगायचे. माझी झोप उडाली होती. मला वाटत होतं, हा माणूस गाडी धुऊन, पुसून, पुन्हा एकदा त्या घराच्या दारात नेऊन लावणार.

सोमवारी अकराला नातू गॅरेजवर आला. मागं गाडी उचलायची क्रेन. इंजिनाच्या अर्ध्या वायरी अजून लोंबकळत होत्या, बॉनेट भिंतीला टेकवलेलं. आण्णा खुर्चीवरून उठले. क्रेनवाल्यानं हूक खाली सोडला. आण्णा गाडीपाशी गेले, मागचं डावं दार उघडलं, आत बसले आणि दार लावून घेतलं.

नातू खिडकीशी वाकला. "काका, तुम्ही शब्द दिला होता."

"दिल्ता," आण्णा म्हणाले. "मला वाटलं, माझ्या चुकीनं जळली. चूक माझी न्हाई, ह्या पोरीची हाय. तिचं काय करायचं ते मी घरात बघतो."

"पण काका, आजोबांची गाडी आहे. त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकून..."

आण्णांनी त्याला हात करून थांबवलं. त्या घरातल्या माणसाला बोलताना थांबवलेलं मी पहिल्यांदा बघत होते. आवाज चढवला नाही त्यांनी. "तुमच्या आजोबांनी मला ती चालवायला दिल्ती," ते म्हणाले. "बसायला मी घेतली. न्हाई मिळायची."

क्रेनवाल्यानं नातवाकडं बघितलं. नातवानं माझ्याकडं बघितलं. मी कशाला नजर चोरू? बघत राहिले. शेवटी हूक वर गेला आणि ते दोघं निघून गेले.

मी खिडकीपाशी गेले. आण्णा सरळ समोर बघत होते.

"बघती काय? चल."

"आण्णा, अजून वायरिंग व्हायचंय. बॉनेट बसवायचंय. आज कुठली चालतीय?"

"मग हुईस्तवर बसतो," ते म्हणाले, आणि संध्याकाळी मिस्त्री शटर ओढायला आले तोवर बसून होते.