चारी बाजूंना तापी

आबांनी पहिल्याच दिवशी माझी पर्स उघडायला लावली. नव्वदच्या दशकाची अखेर होती, सुरतच्या एका वॉर्ड कचेरीत मी हंगामी कारकून म्हणून नुकतीच लागले होते. "रेकॉर्डरूममध्ये येणारा काय घेऊन येतो आणि जाताना काय घेऊन जातो, ते मला कळलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी माझा कंगवा, रुमाल आणि पावडरची डबी टेबलावर ओळीने मांडली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांची ब्रीफकेसही त्यांनी अशीच उघडायला लावली होती हे पुढे कळलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

आबा म्हणजे गंगाधर, आमच्या घरवेरा खात्याचे, म्हणजे घरपट्टी विभागाचे, हेडक्लार्क. खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला म्हणून आले, रात्रशाळा केली आणि कचेरीत चिकटले. साहेबांशी गुजराती, माझ्याशी मराठी आणि संशय आला की थेट अहिराणी. "कोन म्हने? माले खरं वाटत नही!" भाजीवाल्याने वांगी ताजी आहेत म्हटलं तरी हेच, साहेबांनी उद्या सुट्टी आहे म्हटलं तरी हेच. भिंतीवरचं घड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ जुळलं तर म्हणायचे, "दोघं आतून मिळालेले दिसतात."

कचेरीत हिरव्या अक्षरांचा एक म्हातारा कॉम्प्युटर होता. त्याच्या फ्लॉप्यांना दमट हवेत बुरशी यायची आणि मागितलेलं नाव तो दुपारपर्यंत शोधत बसायचा. वरून हुकूम आला की नवी यंत्रणा बसवा, सगळ्या फायली तिच्यात चढवा आणि जुने कागद रद्दीत काढा. ठेकेदाराची पोरं आली. त्यांना फाइलमागे मजुरी होती, आणि आबांना तेवढं पुरलं. "मग वाचतंय कोण? डोळे मिटून बडवतील सगळं!"

पुढे त्यांनी जे केलं ते आबाच करू जाणोत. त्यांनी चक्क एक खोटी फाइल तयार केली. मालक नथू भिका सैंदाणे. असा माणूस नव्हताच. पत्ता डिंडोलीच्या टोकाच्या गल्लीतला, शेवटच्या घराच्या पुढचा नंबर, जिथे तेव्हा नुसत्या बाभळी होत्या. आणि चतुःसीमा काय लिहिली? पूर्वेला तापी, पश्चिमेला तापी, उत्तरेला तापी, दक्षिणेला तापी. वाचणारा हसतच सुटला असता. पोरांनी ती न वाचता चढवली, की काम ताब्यात घ्यायच्या दिवशी सर्वांसमोर त्यांना उघडं पाडायचं, असा बेत. तो त्यांनी कोणालाही सांगितला नाही. मलाही नाही. सांगायला आधी विश्वास लागतो ना!

फाइल बिनबोभाट चढली. पोरांचा तरी काय दोष? नव्या यंत्रात चतुःसीमेला रकानाच नव्हता. नाव, नंबर आणि वेरा, बस. चारही ताप्या कागदावरच राहिल्या आणि काम ताब्यात घ्यायच्या आधीच तो कागद रद्दीच्या टेम्पोतून गेला; आबांच्या हाती दाखवायला काही उरलं नाही. यंत्राने मात्र नथू भिकाच्या नावाने इमानदारीत बिल काढलं. ते परत आलं. परत आलेल्या बिलांची यादी कचेरीच्या दाराशी लागली, आणि असल्या याद्या वाचायला दलाल टपलेलेच असतात.

एक दिवस पांढऱ्या बुटांचा एक दलाल धोतरातल्या म्हाताऱ्याला घेऊन आला. "आ नथुकाका." हेच म्हणे नथू भिका. काकांनी थकलेला वेरा भरला आणि पावती घेतली. ती पावती घेऊन दलाल थेट डिंडोलीला गेला. बाभळी तोडून तिथे आता सुमनबाईंनी पत्र्याची खोली उभी केली होती. नवरा लूमवर, पदरात दोन मुली, जागा साध्या चिठ्ठीवर घेतलेली. दलालाने पावती नाचवत, जागा नथुकाकांची आहे म्हणून तिला खोली रिकामी करायला सांगितलं.

ती धावत कचेरीत आली. "आबा, खोली गई ते पोरीस्ले लिसन कथा जाऊ?" पोरींना घेऊन जायचं कुठे, असं ती विचारत होती. नथू भिकाचं नाव ऐकून आबा पांढरेफटक पडले. त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "आबा, गप्प बसा. खोटा सरकारी कागद केलाय तुम्ही. रिटायरमेंट तोंडावर आलीय, पेन्शन जाईल."

"आणि तिची खोली?"

"काढू काहीतरी मार्ग."

"कोणता?"

मी चहाचे पैसे द्यायला उठले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दलाल, नथुकाका, सुमनबाई आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. दलाल आरामात म्हणाला, "साहेब, कॉम्प्युटर बोले छे." आबा उभे राहिले. "साहेब, हा नथू भिका मी तयार केला. माझ्या हाताने. हा माणूस जन्मलेलाच नाही."

"पुरावा?"

"रद्दीत गेला."

"कोणाला सांगितलं होतं?"

"कोणालाच नाही."

साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "बाई पासेथी केटला लीधा, गंगाधरभाई?" बाईकडून किती घेतले! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आबांनी जन्मभर दुसऱ्यांकडे ज्या नजरेने बघितलं, त्याच नजरेने आता सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी कागद ओढला, खोटी फाइल मीच केली असं लिहून खाली सही ठोकली. "आता पोलिसात द्या. मला आणि या नथुकाकांना, दोघांनाही. काय ते तिथे निघू द्या."

पोलिसाचं नाव निघताच काका खुर्चीतून उठलेच. "मने कंई खबर नथी, भाई! मने तो रिक्षामां बेसाडीने लई आव्या!" रिक्षात घालून आणलेला नथू भिका जिना उतरून पळाला, मागोमाग पांढरे बूटही. सुमनबाईंची खोली वाचली.

आबा वाचले नाहीत. निलंबन झालं, चौकशी बसली, पेन्शन अडकलं. पैसे घेतले आणि मग घाबरले, असं कचेरीत उघड बोललं जायचं. सुमनबाईसुद्धा त्यांना दारात उभं करीना. ज्याने आपल्या घरावर भलत्याचंच नाव लिहिलं, त्याला ती का मानेल?

मी शेवटची भेटले तेव्हा आबा खाटेला लागले होते. चौकशी संपायच्या आत आपण संपणार, हे त्यांनी ओळखलं होतं. बायकोला आत पाठवून त्यांनी मला विचारलं, "खरं सांग पोरी. पैसे घेतले असं तुलाही वाटलं होतं?"

"नाही, आबा."

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. कशावरून नाही, कोणी सांगितलं, शपथ घे. त्यांनी काहीच विचारलं नाही. डोळे मिटले, आणि मी तिथे बसलेली असतानाच त्यांना शांत झोप लागली.