खंडाचा दिवस

माझी नोकरी अकरा महिन्यांची आहे आणि ती मी नऊ वर्षं करते आहे. गावच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासायचं काम. अकरा महिने भरले की एक दिवसाचा खंड देतात. त्या दिवशी आपण कोणाचे नोकर नसतो, आणि दुसऱ्या दिवशी नव्या ऑर्डरवर सही करून पुन्हा त्याच खुर्चीत. आम्ही कंत्राटी लोकांनी कायम होण्याचा हक्क सांगू नये, म्हणून ही युक्ती. बाकीचे त्या दिवशी घरी जातात. माझं घर कोल्हापूरला, पण आई गेल्यापासून ते भावाचं घर झालं. मी खोलीवरच राहते.

मिठबावच्या पुढच्या या गावात आले तेव्हा घरमालकिणीला ठसक्यात सांगितलं होतं, "दोन वर्षं काढीन नि जाईन." तिसऱ्या वर्षी तिने विचारणं सोडलं. मी मात्र दर खंडाला स्वतःला विचारायची, अजून किती? जायला राजीनामासुद्धा लागत नाही, दुसऱ्या दिवशी सहीला गेलं नाही की झालं. इतकं सोपं असून मी गेले नाही. याचा मला अभिमान वगैरे काही नाही, उलट स्वतःचा रागच यायचा.

गेल्या खंडाला मात्र पक्कं ठरवलं. कोल्हापूरच्या एका लॅबने बोलावलं होतं, पगारही बरा होता. दुपारच्या गाडीने कणकवली आणि तिथून पुढे. बॅग भरताना लक्षात आलं की निरोप घ्यावा असं कोणीच नाही. घरमालकीण लेकीकडे मुंबईला. केंद्रात मी 'मॅडम'. अर्ध्या गावाचं रक्त मी पाहिलंय, पण कोणाच्या घरी जेवायला गेले नाही. बोलावलं नाही असं नाही. आपल्याला जायचंच आहे, उगाच जीव कशाला लावा, असं म्हणत मीच टाळत आले. बॅगेवर बसून चेन ओढली आणि फार एकटं वाटलं.

तेवढ्यात दारात मासे विकणारी काकी. हिची साखर मी पंधरा दिवसांनी तपासते. दुसऱ्या कोणाला ती बोट लावू देत नाही. डोक्यावरची रिकामी पाटी तिने पायरीवर ठेवली.

"केंद्रार गेलंय तर तुजी खुर्ची रिकामी. माका वाटला, गेलंस."

"आज खंड आहे, काकी."

तिची नजर बॅगेवर गेली. ती पाटीशेजारी टेकली. मग म्हणाली, "तुज्या आदी तीन जणां इली. तिगांचीय नावां माका अजून पाठ आसत. सगळी गेली. म्हणान तुजा नाव मी कधी इचारूक नाय."

खरंच की. नऊ वर्षं ती मला नुसती 'बाय' म्हणत होती. वाचता येत नसल्याने रिपोर्टवरचं नावही तिला ठाऊक नव्हतं. मी गावाशी जे केलं, तेच ती माझ्याशी करत होती.

"आता जातंस तर सांग गो. काय नाव तुजा?"

सांगायला तोंड उघडलं. आईनंतर मला नावाने हाक मारणारं फारसं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे मोह झालाच. पण नावं पाठ असलेली ती तिघं आठवली.

"नंतर सांगते," मी म्हटलं. "आधी बोट पुढे करा." आणि माझं घरचं यंत्र काढण्यासाठी बॅग उघडली. ते अगदी तळाशी होतं, सगळे कपडे बाहेर काढावे लागले.

साखर वाढलेली होती. मी तिला आंब्यावरून भरपूर बोलले. तिने ते नेहमीसारखं कानाआड केलं आणि पाटी उचलून गेली. कपडे मी पुन्हा भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सही केली.

तीन महिन्यांनी पुन्हा खंड आहे. काकी पंधरा दिवसांनी येते, बोट पुढे करते, मला 'बाय' म्हणते. नाव तिने पुन्हा विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. त्या दिवशी सांगितलं असतं, तर मला जावं लागलं असतं.